काय अडलंय गो?

आमच्या आत्याबाईंइतकी निर्लज्ज बाई पोलादपूर ते महाड या रस्त्यावर दुसरी झाली नाही, आणि देवाची कृपा असेल तर होणारही नाही. हे मी रागाने म्हणत नाही. या घरात सून म्हणून आल्यापासून मी रोज सकाळी साडेआठच्या एसटीत त्यांच्या शेजारी बसते आहे, आणि लाजेने मान खाली घालून घालून माझी मान दुखायला लागली आहे. खोटं वाटत असेल तर आमच्या बसमधल्या सिस्टरांना विचारा, त्यांनीच मला मानेचे व्यायाम शिकवले. आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, माहेरी परतल्या, तहसील कचेरीत कारकून म्हणून लागल्या आणि आता अव्वल कारकून होऊन निवृत्तीला टेकल्या आहेत. उंची बेताची, पण आवाज असा की सावित्रीच्या या काठावर त्यांनी कुणाला हाक मारली तर पलीकडच्या काठावर धुणं धुणारी बाई ‘ओ’ देईल. घर पोलादपूरला आणि कचेरी महाडला. मी वकील, माझं कोर्टही महाडला. त्यामुळे मला सुटका म्हणून नाही.

साडेआठची बस म्हणजे कामावर जाणाऱ्या बायकांची बस. शिक्षिका, सिस्टर, बँकेतल्या मॅडम, एमआयडीसीच्या फाट्यावर उतरणाऱ्या लॅबमधल्या आणि ऑफिसातल्या पोरी, आणि त्यांच्या मधूनमधून डोंगरातल्या वाड्यांवरून उतरून आलेली म्हातारी माणसं, त्यांच्या पिशव्या आणि एखादं कोंबडं. अर्धं तिकीट झाल्यापासून तर बायकाच बायका. दुसरी कोणी असती तर खिडकीशी बसून डोळे मिटून स्तोत्र म्हणाली असती. आत्याबाई कंडक्टरच्याही आधी उभ्या. नवी बाई पायरीवर चढली की तिने पर्स सावरायच्या आत यांचा प्रश्न तयार. “बाय, तू काय करतेस?” समोरची बिचारी गोंधळून म्हणे, “मिस्टर बँकेत आहेत.” “मिस्टर भेटले की मिस्टरांना विचारीन. तू काय करतेस?” मग ती शिक्षिका आहे, नाहीतर डोळ्यांच्या दवाखान्यात आहे, असं काहीतरी निघे. लगेच दुसरा प्रश्न, अख्ख्या बसला ऐकू जाईल असा: “आणि काय अडलंय गो तुझं?” आता भर बसमध्ये अनोळखी बाईला कोण सांगेल काय अडलंय ते? सगळ्या म्हणत, “काही नाही.” त्यावर आत्याबाई कमरेवर हात ठेवून म्हणत, “काय नाय अडलं असं कोण हाय या जगात? आठव. फाटा येईपर्यंत आठव.” आणि खरंच, फाटा येईपर्यंत ती बाई आठवायची.

एकदा का अडलेलं कळलं की उठवाउठवी सुरू. “सिस्टर, तुम्ही उठा, तिकडं बसा. तू गो, निळ्या ड्रेसवाली, तू इकडं सिस्टरच्या बाजूला ये.” ज्या बाईचं जे अडलं असेल ते जिच्याकडून सुटेल असं त्यांना वाटे, तिच्या शेजारी तिला नेऊन बसवायचं, आणि महाडचा स्टँड येईपर्यंत दोघींना उठू द्यायचं नाही. ही एवढीच त्यांची पद्धत. उठायला कुणी कुरकुर केली की छत्रीच्या मुठीने वरच्या दांडीवर टणटण वाजवत. कंडक्टर सुरुवातीला भांडला. पुढे त्याच्या बायकोला शिवणाच्या क्लासची माहिती इथेच मिळाली, तेव्हापासून तोच विचारायला लागला, “आत्याबाई, जागा लावून झाल्या का? घंटी मारू?” माझ्या माहेरी ठाण्याला माणसं वर्षानुवर्षं समोरासमोर बसून एकमेकांचं नाव विचारत नाहीत. मला वाटे, आपण कुठे येऊन पडलो! मी पुस्तकात तोंड खुपसून बसे आणि मनात म्हणे, ही बाई माझी कोणी लागत नाही. तेवढ्यात आवाज येई, “ती पुस्तकवाली आमची सून हाय. वकील हाय!”

पण या उठवाउठवीतून खूप काही जमलं, हेही सांगायला हवं. बिरवाडीत खोली मिळत नव्हती त्या केमिकल इंजिनिअर मुलीला जिची खोली रिकामी होती ती तलाठीबाई मिळाली. दोघी शिक्षिकांनी एकमेकींची पोरं शाळेतून आणायच्या पाळ्या लावून घेतल्या. रक्त तपासायची लॅब काढलेल्या बाईंना हाताखाली मुलगी मिळाली. आत्याबाईंचे अंदाज चुकले नाहीत असं मात्र समजू नका. एकदा हातात जाडजूड फाइल घेतलेली एक चांगल्या घरची बाई चढली. फाइल आहे म्हणजे नोकऱ्या लावून देणारी असणार, असं आत्याबाईंनी परस्पर ठरवलं आणि बढतीसाठी धडपडणारी एक पोर उचलून तिच्या शेजारी बसवली. ती बाई वधूवर मंडळ चालवणारी निघाली. पोरीने भोळेपणाने शिक्षण, पगार, उंची, सगळं सांगून टाकलं. त्या पोरीला अजून स्थळं येतात. तिच्या आईने घरी येऊन आत्याबाईंना फैलावर घेतलं, तर आत्याबाई शांतपणे म्हणतात कशा, “मंग एखादं बरं आलंय काय?”

मोबाइलवर त्यांनी बसचा एक ग्रुपही काढला आहे. त्याचं नाव ‘साडेआठ’. टाइप करणं त्यांना मान्य नाही. “लिहायचं ते कचेरीत लिहिते, तेवढं बास,” म्हणतात आणि बोलून पाठवतात. एकदा मी वकिलांच्या खोलीत माझ्या सीनियरांसमोर उभी असताना बोट लागून त्यांचा निरोप सुरू झाला आणि भिंतीवरच्या सगळ्या थोर वकिलांच्या फोटोंसमोर गर्जना झाली, “ऐका गो! जिला पाठदुखी हाय तिनं उद्या मागच्या शिटवर येऊ नये, आणि सूनबाय, येताना सुकट आण!” सीनियर नुसते चष्मा पुसत बसले. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं मला त्या क्षणी झालं.

तर अशा बाईंनी रोज सकाळी मलाही विचारावं, “सूनबाय, तुझं काय अडलंय?” आणि मी रोज म्हणावं, “काही नाही आत्याबाई.” हे ‘काही नाही’ किती खोटं होतं ते आता लिहायलाही जड जातं. माझं सगळंच अडलं होतं. मला कोर्टात बोलता येत नव्हतं. कायदा पाठ, दावे लिहिण्यात हात धरणारं कोणी नाही, सीनियर सगळ्यांना सांगत की असा मसुदा तालुक्यात कोणी करत नाही. पण पुकारा झाला, मी उभी राहिले आणि न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, की वाचा बसायची. जीभ टाळूला चिकटायची. डोळ्यांसमोर कागदावरची अक्षरं दिसत असायची, आणि तोंडातून एकच वाक्य निघायचं, “मुदत मिळावी.” मुदत मिळाली की बाहेर येऊन मी स्वच्छतागृहात तोंड धुवायची. वकिलांच्या खोलीत माझ्या पाठीमागे मला ‘मुदतवाल्या मॅडम’ म्हणत, हे मला ठाऊक होतं. आणि घरी नवऱ्याने हौसेने दारावर पितळी पाटी लावलेली, नावाआधी ‘अ‍ॅड.’ कोरलेली. सासूबाई ती दर शुक्रवारी चिंचेने घासत. रोज संध्याकाळी त्या चकचकीत पाटीखालून घरात शिरताना मला चोरासारखं वाटायचं. लिहिण्याची कामं करावीत, बोलणं सीनियरांवर सोडावं, आणि हळूहळू तेही सोडून द्यावं, असं मी मनाशी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

तेवढ्यात आत्याबाईंनी मेहरुनला माझ्या शेजारी आणून बसवलं. मेहरुन तुडीलची माहेरवाशीण, नवरा कतारला, सासर पोलादपूरला आणि महाडच्या बाजारात भाड्याच्या गाळ्यात तिचं शिवणाचं दुकान. नवरीचे कपडे शिवावेत तर मेहरुननेच, अशी तिची ख्याती. गाळ्याच्या मालकाला तिथे मुलाला मोबाइलचं दुकान काढून द्यायचं होतं. एका सुट्टीच्या दिवशी त्याने येऊन शटरला आपलं कुलूप ठोकलं. आत तीन लग्नांचे कपडे. मेहरुनने बाजार गोळा करून आरडाओरडा केला तेव्हा त्याने ते काढलं, पण ‘पुन्हा लावणार, आणि या वेळी काढणार नाही’ असं तो ज्याला त्याला सांगत फिरत होता. “हिचं कुलूप अडलंय,” आत्याबाई म्हणाल्या, “आणि तू वकील. बसा दोघी.” नाही म्हणायचं कसं? मी वकीलपत्र घेतलं, दावा घातला, मनाईचा अर्ज घातला. अर्ज असा लिहिला की सीनियरांनी दोनदा वाचला. आणि पहिल्या तारखेला उभी राहून म्हटलं, “मुदत मिळावी.” दुसऱ्या तारखेला पुन्हा तेच. न्यायाधीश साहेब चांगले आहेत, पण त्यांचीही सहनशक्ती संपली. म्हणाले, “वकीलसाहेब, अर्ज तुमचा, घाई तुमची, आणि मुदतही तुम्हालाच हवी? पुढच्या तारखेला बोला. नाहीतर आहे त्या कागदांवर मी हुकूम करीन.” समोरचे वकील गालात हसले. मेहरुन मागच्या बाकावर बसली होती.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. मग अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेताने तिने विचारलं, “मॅडम, माझ्या वेळेला तरी बोलाल ना?” तिच्या आवाजात राग असता तर मी सहन केलं असतं. राग नव्हता. मला रडूच फुटलं. तोंडावर ओढणी घेतली तरी खांदे हलायचे ते हलतच होते. वरून आत्याबाईंचा आवाज आला, “काय झालं गो?” मी काही सांगायच्या आत मेहरुनने जे होतं ते सांगून टाकलं.

त्यानंतर आत्याबाईंनी जे केलं ते आठवलं की आजही माझे कान तापतात. त्यांनी छत्रीने दांडीवर टणटण केली. “ऐका गो सगळ्या! आमच्या सूनबायला कोर्टात बोलता येत नाय. शिकलीय, सवरलीय, पण जज दिसला की दातखिळी बसते. हिच्या तोंडावर या मेहरुनचं दुकान हाय. कोणाकडं काय उपाय हाय?” ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. माझी आजवर कुणाला, नवऱ्यालासुद्धा, न सांगितलेली गोष्ट आत्याबाईंनी हायवेवर मांडली होती. मला वाटलं, उठावं, बस थांबवावी आणि उतरून चालायला लागावं. उठलेही. पण पुढच्या सीटवरच्या सिस्टर मागे वळून म्हणाल्या, “मॅडम, मलापण राउंडला मोठे डॉक्टर आले की पेशंटचं नाव आठवत नाही हो.” मग ती बिरवाडीची इंजिनिअर म्हणाली, “मीटिंगमध्ये मला सगळं माहीत असतं, आणि बोलतो माझ्या शेजारचा मुलगा.” एक शिक्षिका म्हणाल्या, “मी पहिला महिनाभर फळ्याकडे तोंड करून शिकवलं. पोरांना वाटलं, बाई रुसल्यात.” एकेक करत बसच्या निम्म्या बायका बोलल्या. मी तशीच उभी, डोळे पुसत, आणि लाज काही जाईना. पण इतक्या जणींत वाटली गेल्यावर तिचं वजन थोडं कमी झालं, हे कबूल करायला हवं.

“उभी राहिलीच हायस तर बोल मग,” आत्याबाई म्हणाल्या. “काय बोलू?” “कोर्टात बोलायचंय ते. हितं बोल.” मी म्हटलं, “आत्याबाई, अशिलाची बाब अशी चारचौघांत बोलत नाहीत.” त्यावर मेहरुनच म्हणाली, “अख्ख्या बाजाराला ठावं हाय मॅडम. बोला.” आणि तारखेपर्यंत रोज सकाळी, एका हाताने वरची दांडी धरून, एसटीच्या खडखडाटावर आवाज चढवून, मी मेहरुनच्या गाळ्याचा युक्तिवाद केला. कंडक्टर न्यायाधीश झाला आणि त्या पदाचं त्याला फार लवकर वारं लागलं. “मुद्द्याचं बोला, फाटा आला,” असं दरडावायचा. पण माझा खरा कर्दनकाळ ठरले ते डोंगरातल्या एका वाडीवरून लेकीकडे येणारे म्हातारे बाबा. त्यांनी पहिल्याच दिवशी मालकाची बाजू घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. “पन बाय, गाळा कुनाचा? त्याचाच ना? मंग त्यानं कुलूप लावलं तर काय बिघडलं?” मी आधी कायद्याच्या भाषेत सांगू लागले. ते म्हणाले, “काय कळलं नाय.” मी पुन्हा सांगितलं. “नाय कळलं.” शेवटी मी वैतागून ओरडले, “गाळा त्याचाच हो बाबा! पण भाडेकरू आत असताना त्याला कुलूप लावता येत नाही! बाहेर काढायचं तर त्याने कोर्टात यावं, कायद्याने काढावं! उद्या तुम्ही दुसऱ्याचं खंडाने करता ते शेत कापणीच्या दिवशी मालकाने कुंपण घालून अडवलं तर चालेल का?” बाबा विचारात पडले. “तसं नाय चालणार,” म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, “पन गाळा कुनाचा?” या भांडणाच्या नादात ते एकदा लेकीचा थांबा विसरून थेट महाडला आले आणि दिवसभर स्टँडवर बसून माझ्या परतीची वाट पाहत राहिले, कारण त्यांना आणखी एक मुद्दा सुचला होता.

तारखेचा दिवस उजाडला. त्या दिवशी बसमध्ये आत्याबाईंनी मला बोलायला लावलं नाही. कुणाला उठवलं नाही, कुणाला विचारलं नाही. खिडकीतून बाहेर बघत बसल्या. मला वाटलं, तब्येत बरी नसेल. कोर्टात पुकारा झाला. मी उभी राहिले. न्यायाधीश साहेबांनी मान वर केली. आणि झालं. जीभ टाळूला. घाम फुटला. कागद दिसत होता, अक्षरं दिसत होती, आवाज नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे, मला तरी एक जन्म गेला असं वाटलं. मागे मेहरुनच्या बांगड्या वाजल्या, तेवढाच आवाज. समोरचे वकील दयेने उठले, हीच तर सगळ्यात मोठी नामुष्की, आणि म्हणाले, “सर, बाईंना मुदत हवी असेल तर माझी हरकत नाही. प्रश्न साधा आहे. गाळा मालकाचा आहे.”

“गाळा त्याचाच हो बाबा!” मी ओरडले.

अख्ख्या कोर्टाने वळून पाहिलं. तालुक्यातल्या ज्येष्ठ वकिलांना मी ‘बाबा’ म्हटलं होतं, आणि तेही एसटीच्या इंजिनवर ऐकू जाईल अशा आवाजात. कोणीतरी खुदकन हसलं. पण आता थांबता येत नव्हतं. गाडी सुटली होती. मालकी वेगळी आणि ताबा वेगळा, भाडेकरूला काढायचं तर कोर्टाच्या वाटेनं काढावं, सुट्टीच्या दिवशी येऊन कुलूप ठोकून नाही, सगळं एका पाठोपाठ एक येत गेलं. शेत, खंड, कापणी, कुंपण, तेही आलं. न्यायाधीश साहेब मध्येच म्हणाले, “वकीलसाहेब, मला ऐकू येतं.” मी आवाज खाली आणला. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, “आणि तो हात खाली घेतलात तरी चालेल.” तेव्हा मला कळलं की मी इतका वेळ डावा हात वर करून, नसलेली दांडी घट्ट धरून उभी होते. लाजेने माझा जीव अर्धा झाला. हात खाली घेतला आणि उरलेलं बोलले. साहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत मालकाने मेहरुनच्या ताब्याला हात लावू नये असा हुकूम तिथल्या तिथे सांगून लिहवून घेतला. मेहरुनने मला कोर्टातच मिठी मारली. शिपायाने आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर व्हरांड्यात, दाराकडे पाठ करून, खांबाला धरून आत्याबाई उभ्या होत्या. कधी आजारीपणातही रजा न घेणाऱ्या या बाईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. त्यांनी पदराची दोन टोकं दोन्ही कानांत बोळ्यासारखी कोंबली होती. मी खांद्याला हात लावला तेव्हा दचकून वळल्या, टोकं ओढून काढली. “झालं?” “झालं आत्याबाई. हुकूम मिळाला.” “मी काय ऐकलं नाय गो. तू अडकली असतीस तर मला सोसलं नसतं. भर बसमध्ये तुझी लाज काढली मी. वाटत होतं, हिला काय झालं तर कोणत्या तोंडानं घरी जाऊ?” त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकून ऐकावं लागलं. मी हसून म्हटलं, “तुम्हाला कसली भीती? तुम्ही तर अख्ख्या बसला उठवता.” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “बशीत काय, बशीत कोनी साहेब नसतो.”

आमच्या घरात सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट आहे. आत्याबाईंना बऱ्याच वर्षांपूर्वी नायब तहसीलदारपदाची बढती आली होती, आणि माझे सासरे, म्हणजे त्यांचे भाऊ, तेव्हा अंथरुणाला खिळलेले म्हणून, भावाला सोडून दुसऱ्या तालुक्यात कशी जाऊ म्हणून, त्यांनी ती नाकारली. हे सांगताना सासूबाईंचे डोळे दरवेळी भरून येतात. त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात आत्याबाई मला म्हणाल्या, “खोटं हाय ते. भाऊ तर म्हणत होता, जा. पण नायब तहसीलदार म्हणजे बैठका, गो. जिल्ह्याच्या साहेबांसमोर उभं राहून माहिती द्यायची. आधी एकदा द्यायची वेळ आली होती. निसती उभी राहिले, आन खाली बसले. मला पुन्हा उभं राहवलं नाय. लाज वाटली, म्हनून भावाचं नाव पुढं केलं.” बोलता बोलता त्यांनी माझं मनगट धरलं. “तुझ्यावानीच होती गो मी. पण मला कोनी बशीत उभं केलं नाय.”

मी त्यांचा चुरगळलेला पदर खांद्यावर सारखा केला. आम्ही दोघी मेहरुनबरोबर चहा प्यायला गेलो. मेहरुनने सगळी हकीकत अगदी त्या वर केलेल्या हातासकट सांगितली, आणि आत्याबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. संध्याकाळच्या बसमध्ये त्यांचा आवाज परत आला होता. ‘साडेआठ’वर त्यांनी असा काही निरोप पाठवला की आम्ही दोघी जागतिक न्यायालय जिंकून आलो आहोत असं कुणालाही वाटावं. बाबांना निकाल कळला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “पन गाळा त्याचाच.”

आता आत्याबाई लवकरच निवृत्त होतील. कचेरीत निरोपाचा कार्यक्रम होईल, साहेब असतील, हार घालतील, आणि मग म्हणतील, बाई, दोन शब्द बोला. हे त्यांना आजवर कधी सुचलं नव्हतं. गेल्या महिन्यात एकदम सुचलं, आणि त्यांची झोप उडाली. एका रविवारी दुपारी मी धान्य निवडत बसले होते, तर येऊन जवळ बसल्या. बराच वेळ तांदळातून बोट फिरवत राहिल्या. मग खाली मान घालून म्हणाल्या, “सूनबाय, माझं एक अडलंय.” इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी सूप बाजूला ठेवलं.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी आत्याबाई स्वयंपाकघरात खुर्चीची पाठ धरून उभ्या राहतात आणि मी समोर पाटावर साहेब होऊन बसते. “सन्माननीय साहेब,” त्या म्हणतात, “आन माझ्या सहकारी मंडळींनो.” तिथे थांबतात. ओठ हलतात, आवाज येत नाही. मी त्यांना सांगत नाही की मोठ्याने बोला, आठवा, घाबरू नका. मला कुणी हे सांगितलं असतं तर माझं आणखी बिघडलं असतं. मी पाणी देते. परवा पाणी पिऊन त्यांनी मला विचारलं, “तुलाबी हितंच असं व्हायचं? गळ्यात?” मी म्हटलं, “हो. इथेच.” त्यांनी गळ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. “आन मी तुला त्या दिवशी साऱ्यांसमोर,” एवढं म्हणून त्यांनी मान खाली घातली. या बाईची मला किती लाज वाटली असेल, त्याचा हिशोब नाही. त्यांना लाजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते मला अजिबात बघवलं नाही. मी पाटावरून उठले, त्यांचे गार पडलेले हात पुन्हा खुर्चीच्या पाठीवर ठेवले, त्यांच्या बाजूला उभी राहिले आणि म्हटलं, “चला आत्याबाई. पहिल्यापासून. मी पण म्हणते.”